हळूबाईंची न मारलेली उडी

हळूबाई कुठूनही खाली उतरल्या तरी आवाज यायचा नाही. ओट्यावरून उतरोत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उतरोत, नाहीतर चौफुल्याला कंपनीच्या बसमधून. अंगानं भरलेली बाई, उंचीला बऱ्यापैकी, पायात कंपनीनं दिलेले जाड तळव्यांचे बूट, तरी जमिनीला त्यांचा भार कळायचा नाही. आमच्या आईला त्यांचा हाच राग होता. ती गॅसपाशी पाठमोरी उभी असायची आणि एकदम मागून आवाज यायचा, "वहिनी, स्नेहल हाय का घरात?" आईच्या हातून दोनदा तरी चहाची गाळणी पडली असेल. "अगं बाई, येताना पाय तरी वाजवत जा की," आई म्हणायची. त्यावर हळूबाई शांतपणे सांगायच्या, "पाय वाजला की गुडघा दुखतो, वहिनी. गाळणी तुमची हाय, गुडघा माझा हाय."

त्यांचं खरं नाव सुनीता. त्यांचे वडील एके काळी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. पुढं मेंढरं विकून त्यांनी आमच्या राहू गावात अडीच एकर रान घेतलं आणि ऊस लावला. हळूबाई कुरकुंभला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या. वय तेव्हा तेहतीस-चौतीस. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं तर "सवड न्हाई मिळाली" म्हणायच्या आणि विचारणाऱ्याकडं अशा बघायच्या की त्यालाच काहीतरी काम आठवायचं.

हळूबाई हे नाव मंडळाच्या पोरांनी ठेवलं, तेही चेष्टेनं. गावाबाहेर बंद पडलेल्या दूध डेअरीच्या आवारात त्या आम्हा सात-आठ मुलींना उड्या शिकवायच्या. रस्त्यानं जाणाऱ्याला आतून एकच शब्द ऐकू यायचा, "हळू. अगं हळू." उड्या शिकवणारी बाई आणि तोंडात सारखं हळू, याचं पोरांना फार हसू यायचं. हळूबाईंच्या कानावर ते नाव गेलं तेव्हा त्यांनी लाल नेलपेंटनं ते स्वतःच्या जेवणाच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून टाकलं आणि तो डबा हातात घेऊन मंडळाच्या कट्ट्यासमोरून रोज कामाला गेल्या. चेष्टेतली मजा आठवड्यात संपली. नाव तेवढं राहिलं.

त्या शिकवत त्याला पार्कोर म्हणतात. समोर भिंत आली, कठडा आला, चर आला, तर वळसा न घालता आपल्याच हातापायांनी तो पार करायचा, एवढाच त्याचा अर्थ. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ असतात. त्यात माणसं या गच्चीवरून त्या गच्चीवर जातात. हळूबाईंची सुरुवातही अशाच एका व्हिडिओवरून झाली होती. कुठल्याशा परगावच्या मुलीला उंच भिंतीवरून उडी मारताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी यांनी आपल्या गोठ्याच्या भिंतीवरून मारली. पडताना हात सरळ पुढं टेकला आणि डावं कोपर मोडलं. तो हात पुढं कधीच पुरता सरळ झाला नाही. नवीन मुलगी आली की हळूबाई आधी तो वाकडा हात तिच्या तोंडापुढं धरायच्या. "ह्यो माझा पैला मास्तर. लय महागात पडला. तुला ह्याच्याकडं जायचं नसंल तर मी सांगती तसं कर."

दुसरा मास्तर त्यांना कंपनीत भेटला. झारखंडकडचा एक कामगार, पॅकिंगच्या लाईनवर शेजारी उभा राहणारा. त्यानं जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या हिरवळीवर त्यांना पडायला शिकवलं. सात महिने नुसतं पडायला. "दीदी, पहले गिरना सीखो," हे त्याचं वाक्य हळूबाई आम्हाला त्याच्याच हिंदीत, त्याच्याच हेलात ऐकवायच्या. तो पुढं गावाकडं गेला तो परत आला नाही. त्याचं नाव घेताना त्या कानाच्या पाळीला हात लावायच्या.

डेअरीच्या आवारात दुधाच्या कॅन उतरवायचा कमरेएवढा ओटा होता, त्याला लागून गुडघ्याएवढी भिंत आणि सायकली टेकवायला रोवलेला एक लोखंडी पाईप. आमचं सगळं शिक्षण एवढ्या सामानावर झालं. खताच्या रिकाम्या गोण्यांत उसाचं पाचट दाबून भरायचं आणि सुतळीनं तोंड शिवायचं, झाल्या गाद्या. त्यावर फ्लेक्स अंथरायचा, म्हणजे पाचट टोचत नाही. फ्लेक्सला आमच्या तालुक्यात काय तोटा. रोज कुणाचा तरी वाढदिवस असतोच. माझे वडील, आप्पा, गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन, त्यामुळं हात जोडलेले, गुलाबी फेटा बांधलेले, गळ्यात हार घातलेले आप्पा आमच्याच घराच्या माळ्यावर गुंडाळ्या करून पडलेले असायचे. मीच त्यातले दोन-तीन आणून दिले होते. हळूबाईंचा दंडक एकच होता. फ्लेक्स नेहमी उलटा अंथरायचा, पांढरी बाजू वर. "माणसाच्या तोंडावर पडायचं न्हाई. मग त्यो कुणी का आसंना."

शिकवायच्या आधी त्या आवार झाडून घ्यायच्या. खराटा स्वतःच्या हातात. काचेचा तुकडा, खडी, तार, सगळं उचललं की मग भिंतीपाशी बसायच्या आणि बोटांच्या पेरांनी ती वाजवत पुढं सरकायच्या. पोकळ आवाज आला की तिथं खडूनं फुली. कालच वाजवली होती असं मी एकदा म्हणाले, तर म्हणाल्या, "काल काल होता. भिंतीला रोज इचारायचं." पाईपाला दव असलं तर तो ओढणीनं पुसायच्या आणि पुसूनही ओला वाटला तर त्या दिवशी पाईप बंद.

पहिला महिना आम्ही एकही उडी मारली नाही. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला लावायची, हात गोल करून एका खांद्यावरून पाठीवर तिरकं लोळायचं आणि दुसऱ्या बाजूच्या कमरेवरून उठायचं. सरळ मणक्यावरून लोळलं की त्या पाठीला बोट लावून दाखवायच्या, हाड कुठं टेकलं ते. आधी गोणीवर, मग मातीत. उजवीकडून जमलं की डावीकडून. मग जमिनीवरल्या जमिनीवर छोट्या उड्या. राखेनं दोन रेघा मारलेल्या, या रेघेवरून त्या रेघेवर पायाच्या चवड्यांवर उतरायचं, गुडघे वाकवून, गुडघा आत न पाडता. हे तपासताना हळूबाई आमच्याकडं पाठ करून उभ्या राहायच्या. बघायच्या नाहीतच, नुसत्या ऐकायच्या. "परत. आयकू आलं मला." दहा वेळा लागोपाठ त्यांना काही ऐकू आलं नाही की मुलगी गुडघ्याएवढ्या भिंतीवर चढायची. तिथं पुन्हा दहा.

शिकवण्याची वेळ त्यांच्या पाळीवर ठरायची. फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी, सेकंड असली की सकाळी. थर्ड असली की आठवडाभर बंद, कितीही विनवण्या करा. "झोप न झाल्याली बाई काय बघनार आन् काय आयकनार?" त्या आठवड्यात आमच्यापैकी कुणी आवारात नुसती दिसली तरी पुढचा आठवडा तिला खराटा.

शेवटी सगळ्या ओळीनं बसायचो आणि प्रत्येकीनं आज आपण किती वेळा पडलो तो आकडा सांगायचा. नऊ, सहा, चौदा. चौदावालीचं कौतुक व्हायचं. कुणी ऐटीत "शून्य" म्हणाली की हळूबाई तिच्याकडं काळजीनं बघायच्या. "म्हंजी आज तू काय केलंच न्हाईस." घरी आल्यावर आप्पा चहाचा कप बशीत ओतता ओतता विचारायचे, "काय, आज किती?" मी "नऊ" म्हणायची. "नऊ येळा पडायला शाळा लागती व्हय?" असं म्हणून ते पोटभर हसायचे. ते रोज विचारायचे आणि मला त्याचा रोज राग यायचा. आज वाटतं, विचारत तरी होते.

मी तेव्हा अकरावीत होते आणि माझ्या नाकावर राग असायचा. अजून आहे. दोन महिने गुडघ्याएवढ्या भिंतीवर काढल्यावर माझी सहनशक्ती संपली आणि एका संध्याकाळी त्यांचं लक्ष नाही असं बघून मी कमरेएवढ्या ओट्यावरून उडी टाकली. धप्पकन आवाज झाला. गुडघ्यातून कळ थेट डोक्यात गेली, पण मी हसऱ्या तोंडानं उभी राहिले. हळूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता परत चढ. पाईपाला हात न लावता." मला चढता येईना. ओट्याची कड छातीत रुतत होती आणि पाय भिंतीवरून घसरत होते. मुली बघत होत्या. "जितं आपलं आपल्याला चढता येत न्हाई, तितनं खाली उडी न्हाई," त्या म्हणाल्या, "ह्यो येकच नेम नीट ध्यानात ठेव, बाकीचं इसरलीस तरी चालंल." आणि त्यांनी मला परत पहिल्या दिवसाच्या गोणीवर नेऊन बसवलं. मी संतापानं रडायला लागले. "रड," त्या म्हणाल्या, "पन हनुवटी छातीला लावून रड." तशा रडण्यात रडणं फार टिकत नाही.

असं दोन वर्षं चाललं. मी बारावीची परीक्षा दिली त्याच सुमारास माझ्या हातून ती चूक झाली.

त्या सकाळी मी घाईत होते. गोण्या मांडल्या, फ्लेक्स पसरला आणि केसांना रबर लावत बाजूला झाले. फ्लेक्स सुलटा पडला होता. आप्पाच होते, गुलाबी फेट्यातले, हात जोडलेले. मुली एकामागून एक आल्या आणि चेअरमनसाहेबांच्या कपाळावरून, मिशांवरून लोळत गेल्या. त्यात माझी नऊ वर्षांची बहीण गुड्डीही होती. हळूबाई पाठ करून आवाज ऐकत होत्या. रस्त्यावरून कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं आणि दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक ग्रुपवर ते फिरलं, खाली हसणारी तोंडं आणि "चेअरमन जमिनीवर." सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. विरोधी पॅनेलच्या लोकांनी तर तो व्हिडिओ आप्पांच्याच सासुरवाडीपर्यंत पोचवला.

दुसऱ्या दिवशी आप्पा पंचायतीच्या दोन मेंबरांना घेऊन आवारात आले. मी गोणीपाशी उभी होते.

"सुनीता, ह्ये काय चाललंय?"

"चूक झाली, आप्पा. फ्लेक्स उलटा टाकायचा ऱ्हायला."

"टाकला कुणी?"

"आवार माझ्या ताब्यात हाय. चूक माझी."

मी तोंड उघडलं नाही. अर्धं गाव ज्या आप्पांना घाबरायचं त्यांना मीही घाबरत होते, हे एक. आणि हळूबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, हे दुसरं. त्या एका क्षणाची लाज मला आजही वाटते.

"आवार तुझ्या ताब्यात न्हाई, पंचायतीच्या हाय," आप्पा म्हणाले. एका मेंबरानं खिशातून कुलूप काढलं. मग आप्पांना काय वाटलं कुणास ठाऊक, बहुतेक नुसतं कुलूप लावलं तर लोक आणखी हसतील असं वाटलं असावं. त्यांनी मेंबराचा हात धरला. "ह्ये बघ. दोन वर्षं शिकवतीस. काय शिकवतीस ते गावाला एकदा कळू दे. यात्रंत पंपहाऊसच्या स्लॅबवरनं उडी मार. बारा फूट हाय. खाली वाळू टाकतो दोन ट्रॉल्या. मारलीस तर ह्ये आवार तुझं, ठराव करून देतो. न्हाई मारलीस तर कुलूप. आन् आमच्या दोगी बी घरात."

"बघू," हळूबाई म्हणाल्या. आमच्या गावात बघू म्हणजे हो. यात्रेच्या आठ दिवस आधी वेशीपाशी फ्लेक्स लागला. त्यावर कुठल्यातरी परदेशी माणसाच्या धडावर हळूबाईंचं आधारकार्डावरचं तोंड चिकटवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "थरारक उडी."

मी त्यांच्या घरी गेले. त्या ओसरीवर नवीन गोण्या शिवत बसल्या होत्या. मी म्हटलं, "एकदाच मारा. तुम्हाला बारा फुटांवरनं येती."

"यती."

"मग झालं तर. आवार आपलं हुईल."

त्यांनी सुई गोणीत खुपसून ठेवली. "मारीन मी, स्नेहल. वाळूत उतरीन, तिरकी लोळीन, उठून उभी ऱ्हाईन. लोक टाळ्या वाजवतील. मग माझ्या मागनं कोन मारंल?" त्यांनी वाकडा हात गुडघ्यावर ठेवला. "मी बी कुनाची तरी बघूनच मारल्याली. तिला बिचारीला ठावं बी न्हाई, राहूत तिच्यापायी कुनाचं कोपर मोडलं त्ये."

"म्हणजे आम्ही घरी बसायचं का?" मी चिडून विचारलं.

"घरी का बसायचं?" त्या म्हणाल्या आणि परत सुई उचलली. त्यांचं म्हणणं मला पटलं नव्हतं. मला आवार पाहिजे होतं. त्या घाबरल्या असं मला त्या दिवशी खरंच वाटलं, आणि घरी गेल्यावर मी आईजवळ तसं बोलूनही दाखवलं.

यात्रेत कुस्त्या सुरू व्हायच्या आधी, भर दुपारी, स्पीकरवरून हळूबाईंचं नाव पुकारलं गेलं. पंपहाऊसभोवती गर्दी दाटली होती. हलगी वाजत होती. आप्पा कुस्त्यांच्या पंचांसाठी घातलेल्या खुर्च्यांत पुढं बसले होते. हळूबाई गर्दीतून आल्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली. आधी वाळूपाशी गेल्या आणि ती पायाच्या अंगठ्यानं दाबून बघितली. मग लोखंडी शिडी हातानं हलवून बघितली आणि एकेक पायरी चढायला लागल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या. खरं सांगते, मला आनंद होत होता. वाटलं, बाईंनी विचार बदलला.

स्लॅबवर पोचल्यावर त्या गुडघ्यावर बसल्या आणि बोटांच्या पेरांनी कड वाजवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. गर्दीत हशा पिकला. त्या उभ्या राहिल्या, खाली वाळूकडं बघितलं, आणि मग कशासाठी कुणास ठाऊक, मागं वळून शिडीकडं बघितलं. तिथंच थांबल्या.

शिडीवर चार पोरं होती. हळूबाईंच्या मागोमाग चढलेली, सगळ्यांचे डोळे उडीकडं लागलेले असताना कुणाच्या लक्षात न आलेली. सगळ्यांत वर आमची गुड्डी, फ्रॉक चड्डीत खोचलेला. ती स्लॅबच्या कडेला हात लावून बाईंची पाळी संपायची वाट बघत होती. तिच्या पायाखाली आठ-नऊ फूट मोकळं होतं.

हळूबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर पोरांनी दचकून खाली बघितलं असतं. त्या शिडीच्या तोंडाशी पालथ्या पडल्या, गुड्डीचं मनगट धरलं आणि रोज आवारात बोलायच्या त्याच आवाजात बोलायला लागल्या. "गुड्डे, हितंच थांब. खाली नगं बघूस, पायाखालची पायरी बघ. आता सगळ्यात खालचा कोन हाय? तू उतर आधी. हळू. आता त्याच्या वरचा." एकेक पोरगं उतरत गेलं. हलगी थांबली. गर्दीच्या मागच्या बाजूच्यांना काय चाललंय ते दिसत नव्हतं, तिथून आरडाओरडा सुरू झाला, "घाबरली, घाबरली." शेवटी गुड्डीला पुढं घालून हळूबाई स्वतः उतरल्या, जशा चढल्या तशाच, एकेक पायरी.

खाली आल्यावर त्यांनी सूत्रसंचालन करणाऱ्याच्या हातातला माईक घेतला. "बारा फुटांवरनं उडी मारायची नसती. मी ह्येच शिकवती. ज्याला बघायचं आसंल त्यानं हिकडं या." आणि त्या चालत कुस्तीच्या आखाड्याकडं गेल्या. आखाड्याचा कट्टा गुडघ्याएवढा. त्यावर चढल्या, खाली उतरल्या, तिरक्या लोळल्या, उठल्या. परत चढल्या. असं दहा वेळा केलं, एकदाही आवाज न करता. लोक हसले, मग कंटाळले, मग कुस्त्या कधी सुरू होणार म्हणून विचारायला लागले. दहा-बारा बायका मात्र शेवटपर्यंत उभ्या होत्या. आप्पांनी गुड्डीचा हात एवढा घट्ट धरला होता की ती "दुखतंय" म्हणून रडकुंडीला आली.

कुलूप लागलं ते लागलंच. चारचौघांत बोललेला शब्द मागं घेणं आप्पांच्या स्वभावात नव्हतं, आणि पंचायतीत त्यांना समजावून सांगेल असं कुणी नव्हतं. पुढच्या सोमवारी सकाळी पावणेसातला हळूबाई डोक्यावर दोन गोण्या घेऊन थेट ग्रामपंचायतीच्या कचेरीसमोर आल्या. कचेरीला पाच पायऱ्या, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढे कठडे. त्यांनी पायऱ्या झाडल्या, कठडे वाजवून बघितले आणि गोण्या मांडल्या. झाडूवाल्या मावशींनी विचारलं, हितं कसं काय? तर म्हणाल्या, "पायऱ्यास्नी कुलूप लागत न्हाई." ग्रामसेवक दहाला यायचे. तोवर सगळं आवरलेलं असायचं आणि पायऱ्या पूर्वी कधी नव्हत्या इतक्या स्वच्छ असायच्या. त्यांनी तक्रार कशाची करायची?

त्या सोमवारी मी बूट घालून दारात उभी होते. आप्पा उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी म्हटलं, "आप्पा, तो फ्लेक्स मी टाकला होता. हळूबाईंनी नाही. आणि मी चाललेय." पेपर खाली आला नाही. मी त्यांच्या खुर्चीला वळसा घालून बाहेर पडले. पाठीमागं गुड्डीचे पाय वाजले आणि आई म्हणाली, "जाऊ द्या त्यास्नी." त्या संध्याकाळी चहा बशीत ओतताना आप्पांनी आकडा विचारला नाही. पुढंही कधी विचारला नाही. बोलणं सोडलं नव्हतं, फीचे पैसे वेळेवर द्यायचे, बाजारातून मला आवडतात म्हणून पेरू आणायचे. फक्त "आज किती?" एवढं बंद झालं, आणि ज्या प्रश्नाचा मला रोज राग यायचा त्याचीच मी रोज संध्याकाळी वाट बघायला लागले.

दोन वर्षांनी हळूबाईंच्या लाईनवर मशीन आलं आणि ठेक्यावरच्या बायकांना कमी केलं. त्यांना गुजरातेत दुसऱ्या एका कंपनीत काम मिळालं. दौंड स्टेशनवर आम्ही चौघीजणी त्यांना सोडायला गेलो. गाडी फलाटाला लागत असतानाच लोक चालत्या डब्यात उड्या टाकत होते, आतले बाहेर उड्या टाकत होते. हळूबाई पिशवी छातीशी धरून मागं उभ्या. "जागा जाईल, ताई," एक माणूस म्हणाला. "जाऊ दे की. थांबू दे गाडी," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांत शेवटी चढल्या. खिडकीतून मला म्हणाल्या, "उंची वाढवायची घाई करू नगंस. आन् पोरीस्नी खोटा आकडा सांगू दिवू नगंस." मी हनुवटी छातीला लावून रडले. यावेळी मात्र काही उपयोग झाला नाही.

आता मी शिरूरला एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. शाळेमागच्या मोकळ्या जागेत सकाळी सोळा मुली येतात. पहिल्याच वर्षी मुख्याध्यापकांनी सांगितलं की स्नेहसंमेलनात माझ्या मुलींनी स्टेजच्या कमानीवरून उडी मारावी, पालकांना जरा बरं वाटेल. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, नोकरी नवी आहे, विचार करा. मी म्हटलं, विचार केलेलाच आहे, पाहिजे तर दुसरी बाई बघा. "एवढ्यासाठी?" त्यांनी विचारलं. "एवढ्यासाठीच," मी म्हटलं. नोकरी राहिली, पण माझं नाव हट्टी म्हणून पडलं ते पडलंच. मी ते डब्यावर लिहिणार होते, पण स्टीलच्या डब्यावर माझं नेलपेंट टिकेना.

परवा आप्पा शिरूरला काही कामासाठी आले होते. सकाळीच शाळेवर आले. जीपमधून त्यांनी तीन मोठ्या गुंडाळ्या काढल्या आणि माझ्या गोण्यांपाशी नेऊन सोडल्या. गेल्या तीन वाढदिवसांचे फ्लेक्स. एकेक पसरला, स्वतःचं तोंड खाली करून, आणि कोपरे हातानं सारखे केले. नंतर कुंपणाशी जाऊन उभे राहिले. मुली लोळत होत्या, मी त्यांच्याकडं पाठ करून ऐकत होते, त्यामुळं कुंपणापाशी काय बोलणं झालं तेही मला नीट ऐकू आलं. मुलीला सोडायला आलेल्या एका पालकानं आप्पांना विचारलं, "आन् मोठी उडी कवा मारनार ह्या?"

"न्हाई मारनार," आप्पा म्हणाले. "थांबायचं आसंल तर ह्येच बघा. न्हाईतर गाडी काढा."

तास संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. ते गोण्यांकडंच बघत होते.

"आज किती?" त्यांनी विचारलं.

"एकतीस. सगळ्या मिळून."

त्यांनी मान हलवली, जीपचं दार उघडलं आणि आत बसता बसता थांबले. "ह्यो आकडा सुनीताला कळव," म्हणाले.